लवचीक ओलेड पडदा

काचेऐवजी प्लास्टिकच्या पातळ पटलावर सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ओलेड’) थर देऊन केलेला, वाकवता किंवा घडी घालता येणारा पडदा. दोन इलेक्ट्रोडांमध्ये कार्बनी संयुगांचे थर असतात आणि त्यांची एकत्रित जाडी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर भरते. विद्युतदाब दिला की एका बाजूने इलेक्ट्रॉन व दुसऱ्या बाजूने ‘होल’ (इलेक्ट्रॉनची रिकामी, धनप्रभारासारखी वागणारी जागा) आत येतात आणि त्यांच्या मीलनातून प्रकाश बाहेर पडतो. प्रत्येक बिंदू स्वतःच उजळत असल्याने एलसीडीसारखा मागचा दिवा लागत नाही.

ईस्टमन कोडॅकमधील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारा द्विस्तरीय डायोड प्रसिद्ध केला. १९९० मध्ये केंब्रिजला बहुवारिकाचा (पॉलिमरचा) आणि १९९२ मध्ये लवचीक प्लास्टिकवरचा डायोड झाला. मात्र घडीचे फोन बाजारात रुळायला २०१९ उजाडले.

या विलंबाचे मोठे कारण वाकणे नव्हे, दमटपणा होय. नावातच ‘ओल’ असलेल्या ओलेडला ओलीचेच वावडे आहे. काच बाष्प अडवते, साधे प्लास्टिक अडवत नाही. सूक्ष्म छिद्रातून बाष्प शिरले की धातूचे ऋणाग्र (इलेक्ट्रॉन आत सोडणारा इलेक्ट्रोड) बिघडते आणि पडद्यावर वाढत जाणारे काळे ठिपके उमटतात. म्हणून एका चौरस मीटरमधून दिवसाला जेमतेम एक मायक्रोग्रॅम बाष्प जाऊ द्यावे, असा दंडक मानला जातो.

आषाढात दोन दिवसांत पापड मऊ पडणाऱ्या कोकण किनाऱ्यावर ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. काचेच्या ओलेडमध्ये झाकणाखालच्या पोकळीत कॅल्शियम ऑक्साइडसारखे ओल शोषणारे द्रव्य ठेवत. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून काढलेली, पावसाळी हवेत उघडी राहिल्यास आपोआप फुटून भुकटी होणारी चुनकळी ती हीच. लवचीक पडद्यात अशी पोकळी ठेवता येत नाही. तेथे सिलिकॉन नायट्राइडसारख्या अकार्बनी द्रव्याचे आणि बहुवारिकाचे थर आळीपाळीने देतात, जेणेकरून एका थराचे छिद्र दुसऱ्याच्या छिद्रासमोर येऊ नये. चिऱ्याची भिंत रचणारा गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तसेच.

निर्मितीत काचेवर द्रवरूप पॉलिइमाइड (उष्णता सोसणारे प्लास्टिक) पसरून भाजतात, त्यावर ट्रान्झिस्टर व सेंद्रिय थर चढवतात आणि शेवटी लेसरने पटल काचेपासून सोडवतात. नाजूक थर जाडीच्या अशा पातळीत बसवतात, जेथे वाकवताना ताण व दाब दोन्ही जवळजवळ शून्य असतात.

संरक्षक थर एकदा तडकल्यावर, भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय येथे चालत नाही; बिघडलेले ऋणाग्र सुकवून पूर्ववत होत नसल्याने अख्खे पटलच बदलावे लागते.