सॅनिटायझर मारतं, धूत नाही

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे आले. एकादोघांचे नव्हे, हजारोंचे. सुरुवात वारकरी शिक्षण संस्थांत दाटीवाटीनं राहणाऱ्या मुलांपासून झाली. मग पुणे, पिंपरी-चिंचवड, आणि बघता बघता राज्यभर लाल डोळे आणि काळे चष्मे दिसू लागले. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तातडीनं हालचाल केली. लॉकडाउनमध्ये घेतलेला सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन जिन्याखालच्या कपाटात धूळ खात पडला होता, तो बाहेर निघाला. वॉचमनकाकांच्या टेबलावर फवाऱ्याची बाटली आली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर फुस्स. आठ दिवसांनी वॉचमनकाकांचेच डोळे आले.

एका माणसाच्या डोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे कबूल. त्यांनी कुणाचा टॉवेल वापरला, डोळे किती वेळा चोळले, कोण जाणे. पण सेक्रेटरींचा प्रश्न रास्त होता: "कोरोनाला चाललं ते याला का चालत नाही?"

उत्तर विषाणूच्या कपड्यांत आहे.

विषाणू म्हणजे तसा अगदी थोडका ऐवज. आत आरएनए किंवा डीएनएचा धागा, म्हणजे आपल्या नकला कशा काढायच्या याची कृती, आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच. काही विषाणूंचा संसार इथंच संपतो. काही मात्र वरून आणखी एक आवरण घेतात, आणि ते त्यांचं स्वतःचं नसतं. ज्या पेशीत ते वाढले, तिच्यातून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतात. भाडेकरूनं खोली सोडताना मालकाचीच गोधडी पळवावी, तसं. पेशीचं पटल मेदाचं, म्हणून ही गोधडीही मेदाची. कोरोना, फ्लू, गोवर, एचआयव्ही हे सगळे गोधडीवाले.

कोरोनाचं हे रूप आपल्या पुण्यातच टिपलं गेलं. भारतातला पहिला कोरोना रुग्ण २०२० च्या जानेवारीअखेर केरळात सापडला. त्याच्या घशातल्या नमुन्यातल्या विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं छायाचित्र राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं मार्चमध्ये प्रसिद्ध केलं. एक गोल कण, साधारण ७५ नॅनोमीटरचा. मिलिमीटरभर जागेत असे तेरा हजार कण ओळीनं उभे राहतील. त्याच्या कडेला बारीक खुंट्यांसारखे देठ दिसतात. हे देठ त्या मेदाच्या गोधडीतच रोवलेले असतात, आणि आपल्या पेशीला पकडायचं काम त्यांचं. म्हणजे गोधडी फाटली की खुंट्याही गेल्या आणि विषाणूचे हातच तुटले. आतला धागा शिल्लक राहिला तरी तो पेशीत शिरणार कसा?

आता ही गोधडी फाडायची कशी, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही शिकवायला नको. तुपाची वाटी नुसत्या पाण्याखाली धरली तर पाणी तिच्यावरून मोत्यांसारखं घरंगळतं आणि तूप जागचं हलत नाही. साबणाचा रेणू दोन्हीकडे सोयरीक असलेल्या माणसासारखा असतो. डोकं पाण्याकडं ओढ घेतं, लांब शेपूट मेदात घुसायला बघतं. हात साबणानं चोळले की ही शेपटं त्वचेवरच्या तेलकट थरात शिरतात आणि तेलाचे बारीक बारीक गोळे करून त्यांना पाण्यात ओढून नेतात. वाटेत कोरोनासारखा विषाणू सापडला तर त्याच्या गोधडीतही शिरतात. आधीच कुठं शिवण नसलेली ती गोधडी, रेणू नुसते शेजारी शेजारी दाटून उभे. मधे भलताच कुणी घुसला की रांग मोडते.

याला महागडा साबण लागत नाही. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाची याच जातीची द्रव्यं असतात, म्हणून त्यांना फेस येतो. बोअरच्या जड पाण्यात मात्र साबणाची पंचाईत होते. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना धरून बसतं, फेसाऐवजी बादलीच्या कडेला पांढरी साय धरते, आणि कामाला थोडेच रेणू उरतात. तिथं साबण थोडा जास्त घ्यावा, एवढंच.

सॅनिटायझरची तऱ्हा वेगळी. त्यातलं अल्कोहोल मेदाचा थर विरघळवतं आणि प्रथिनांची घडी विस्कटतं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडला की गोठतो ना, साधारण तीच गत, फक्त आच न लावता. इथं एक गंमत आहे. अल्कोहोल जितकं शुद्ध तितकं भारी, असं वाटतं. आमच्या नात्यातल्या एकानं २०२० मध्ये "शंभर टक्के मिळवतो कुठूनतरी" म्हणून बरीच खटपट केली होती. पण प्रथिनं विस्कटायला थोडं पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल हातावरून इतक्या लवकर उडून जातं की त्याला काम करायला सवड मिळत नाही. म्हणून साठ टक्क्यांच्या खाली उपयोग नाही आणि शंभरालाही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन प्रमाण कृतींपैकी एकीत ८० टक्के इथेनॉल असतं, दुसरीत ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सोबत हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरॉल आणि द्रावणात राहिलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी चिमूटभर हायड्रोजन पेरॉक्साइड. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये दुकानांतून सॅनिटायझर गायब झालं, केंद्र सरकारनं २०० मिलिलिटरला १०० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा मळीपासून अल्कोहोल काढणारे आपले साखर कारखाने मदतीला आले. ऊसपट्ट्यातल्या माणसाला त्या बाटलीचा वास ओळखीचा वाटला असेल तर नवल नाही.

इथपर्यंत साबण आणि सॅनिटायझर बरोबरीत. आता गोधडी नसलेल्यांकडे वळू.

डोळे येण्याच्या साथी बहुतेक वेळा अॅडिनोव्हायरस आणि एन्टेरोव्हायरस या गटांच्या असतात. दोन्ही उघडे. लहान मुलांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस उघडा. वांत्यांनी अख्खं वसतिगृह आडवं करणारा नोरोव्हायरस उघडा. कावीळ आणणारा हेपॅटायटिस ए, पाळणाघरांत हात-पाय-तोंडावर फोड आणणारा कॉक्ससॅकी, पोलिओ, नेहमीच्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस, सगळे उघडे. यांना मेदाची गोधडीच नाही, तर साबणाचं शेपूट घुसणार कशात? वर प्रथिनांचं घट्ट कवच. त्यावर अल्कोहोल चालतं, पण अर्धवट आणि सावकाश, आणि त्यातही आयसोप्रोपिलपेक्षा इथेनॉल बरं. हातावर दोन थेंब टाकून दोन सेकंदांत झटकले, तर नोरोव्हायरसला त्याची फारशी दखल घ्यायचं कारण नाही.

पोटातून पसरणारे बहुतेक विषाणू उघडेच का, याचं कारण मला फार आवडतं. आपल्या पोटातच एक साबण आहे. यकृतातून येणारं पित्त नेमकं तेच करतं जे साबण करतो: जेवणातल्या तेलातुपाचे बारीक गोळे करून ते पचायला सोपं करणं. म्हणजे अन्नाबरोबर आत गेलेल्या विषाणूला आधी जठरातल्या आम्लातून आणि मग पित्ताच्या फेसातून जावं लागतं. मेदाची गोधडी पांघरून गेलेला तिथंच उघडा पडतो. ज्यांना आतड्यांतच संसार थाटायचा, ते पिढ्यानपिढ्या असल्या धुलाईतून तावूनसुलाखून निघालेत. त्यांना हातावरच्या साबणाचं काय कौतुक!

मग जुलाबाच्या आणि डोळ्यांच्या साथीत डॉक्टर साबणानं हात धुवा म्हणून का सांगतात? कारण धुणं म्हणजे मारणं नव्हे. विषाणू हातावर नुसता बसलेला नसतो. घाम, तेल, मळ, शेंबूड यांच्या थरात तो रुतलेला असतो. साबण तो थर सैल करतो, चोळण्यानं तो सुटतो आणि पाणी त्याला घेऊन मोरीत जातं. विषाणू मेला की जिवंत, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. तो आपल्या हातावर नाही, इतकं पुरे. सॅनिटायझर हे करू शकत नाही. ते मारतं, पण जिथल्या तिथं. जे मेलं नाही ते तिथंच राहतं, मळही तिथंच. त्यातून हात तेलकट किंवा चिखलाचे असतील तर अल्कोहोल त्या थरातच अडकतं.

म्हणून खरी किंमत वाहत्या पाण्याची आहे. नळच हवा असं नाही. अंगणात एकानं तांब्यानं पाणी ओतायचं आणि दुसऱ्यानं हात धुवायचे, ही आपली जुनी पद्धत शास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते. जेवण झाल्यावर ताटातच बोटं बुडवणं, किंवा कार्यात एकाच बादलीत साऱ्या पंगतीनं हात घालणं, हे मात्र धुणं नव्हे, वाटणं आहे. एकाच्या हातचं सगळ्यांना. आणि धुतलेले हात पुसायला तोच घरातला सामाईक टॉवेल घेतला, तर डोळ्यांच्या साथीत सगळी मेहनत पाण्यात.

धुण्याचा फायदा किती? याचा एक छान प्रयोग कराचीच्या झोपडवस्त्यांत झाला आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही घरांना वर्षभर साबण पुरवला, आठवड्याला घरी जाऊन हात धुण्याची आठवण करून दिली, काही घरांना तसंच राहू दिलं. साबणाच्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाबही जवळजवळ निम्मे झाले. त्याहून मजेदार भाग पुढंच. साबणाच्या घरांपैकी अर्ध्यांना जंतुनाशक साबण दिला होता, अर्ध्यांना साधा. दोन्हींत फरक पडला नाही. काम साबणाच्या साबणपणाचं होतं, वेष्टनावर छापलेल्या जंतुनाशक ढालीचं नव्हतं. हे वाचल्यापासून जाहिरातीतल्या '९९.९ टक्के'कडे मी जरा गालात हसूनच बघतो.

कोरोनानं आपल्याला हात धुवायला लावलं, पण धडा थोडा तिरका शिकवला. त्या वर्षी आपण दुधाच्या पिशव्या पुसल्या, मेथीची जुडी साबणाच्या पाण्यात बुडवली, नोटांवर इस्त्री फिरवली. नंतर कळलं की कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं की दूषित वस्तूला लागलेल्या एका स्पर्शामागे संसर्गाची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे ज्याच्यासाठी बाटल्या घेतल्या तो हातावरून फारसा येतच नव्हता, आणि जे खरोखर हातावरून येतात त्यांच्यापुढे बाटली लंगडी. तरी बाटली फेकू नका. एसटीत, रेल्वेत, दवाखान्यात, जिथं पाणी नाही तिथं ती लाख मोलाची. फक्त हात ओलेचिंब होतील इतकं घ्यावं आणि ते आपसूक वाळेपर्यंत वीसेक सेकंद चोळत राहावं. लगेच गॅसपाशी किंवा निरांजनापाशी जाऊ नये, अल्कोहोल भुरकन पेटतं. आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब पडले होते. मुलं बचावली.

साबणानं धुवायलाही वीस सेकंद लागतात. लोक गाणी सुचवतात. माझ्या मते सतराचा पाढा उत्तम: नीट म्हटला तर तितकाच वेळ जातो, आणि अडखळलात तर हात आणखी स्वच्छ.

पण वीस सेकंद कुठं धुतो, हा वेगळाच प्रश्न. त्यासाठी घरी एक प्रयोग केला. चमचाभर तेलात हळद कालवली आणि दोन्ही हातांना हळदीच्या दिवशी लावतात तशी चोळली. मग डोळे मिटून, नेहमी धुतो तसे, साबणाच्या वडीनं हात धुतले. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते; पांढऱ्या सदऱ्यावरच्या वरणाच्या डागाला साबण लावणाऱ्यांना हे ठाऊक आहे, आणि जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीपासून होतं तेही याच करामतीनं. म्हणजे जिथं साबण पोचला तिथं लाल, न पोचला तिथं पिवळं. (बाटलीतला हँडवॉश बहुधा अल्कलीचा नसतो, त्यानं रंग पालटत नाही. वडीच घ्या.)

डोळे उघडले. तळवे छान लालसर. बोटांच्या बेचक्यांत पिवळ्या रेघा. नखांच्या कडा पिवळ्या. आणि उजवा अंगठा, ज्यानं मी दिवसभर फोन चालवतो आणि डोळा चोळतो, तो मुळापासून टोकापर्यंत हळदीच्या नवरदेवासारखा पिवळाधमक. पुन्हा साबण घेतला, अंगठा डाव्या मुठीत धरून पिळला, नखं तळव्यावर घासली. या वेळी तेही लाल झाले. मी हात पुसतोय तोवर आई मागून आली, बेसिनकडे बघून म्हणाली, "एवढं कुंकू कुणी सांडलं?"