छोट्या इंधनघटातली उष्णता

हायड्रोजनच्या इंधनघटातून (फ्युएल सेलमधून) वीज आणि पाणी मिळतं, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्यासोबत जवळपास विजेइतकीच उष्णताही निघते, पण तिचा उल्लेख सहसा होत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातली सगळी ऊर्जा विजेच्या रूपात मिळाली असती, तर एका घटाचं व्होल्टेज १.४८ भरलं असतं. प्रत्यक्षात काम करताना ते ०.७च्या आसपास असतं, बाकीच्याची उष्णता होते. म्हणजे १० वॅट वीज हवी असेल, तर साधारण ११ वॅट उष्णता पदरात पडणारच.

इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीत ही उष्णता बाहेर काढायला पंप आणि रेडिएटर असतात. लॅपटॉपसारख्या उपकरणात छोटा घट बसवायचा, तर तेवढी जागा नसते. छोटा पंखा बसवता येतो, पण तो घटाचीच वीज खातो आणि पाण्याचं गणितही बिघडवतो.

घटाच्या मधोमध नाफिऑनसारख्या पॉलिमरचं पातळ पटल असतं. ते ओलं असेल तरच हायड्रोजनचे प्रोटॉन त्यातून नीट पलीकडे, ऑक्सिजनच्या बाजूला जातात. पंख्याच्या जोरदार वाऱ्याने पटल सुकलं, की त्याचा रोध वाढतो. रोधामुळे उष्णता वाढते आणि पटल आणखी सुकतं. घट फार गार ठेवला, तर तयार झालेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही. मिलिमीटरभर रुंदीच्या हवेच्या वाटेत एखादा थेंब जरी अडकला, तरी तिथल्या भागाला ऑक्सिजन पोचत नाही आणि व्होल्टेज घसरतं. म्हणून उष्णता आणि पाण्याचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. सगळं पाणी वाफ होऊन गेलं, तर वरच्या उदाहरणातल्या ११ पैकी ३ वॅट उष्णता ती वाफच घेऊन जाते.

मला सगळ्यात जास्त भावते ती हायड्रोजनच्या डबीची युक्ती. लँथेनम-निकेलच्या मिश्रधातूत हायड्रोजन साठवला, तर बाहेर पडताना तो उष्णता शोषून घेतो. डबी हाताला गार लागते, आतला दाब उतरतो आणि पुरवठा मंदावतो. तीच डबी तापलेल्या घटाला चिकटवून ठेवली, की दोघांचं काम भागतं! घटाच्या उष्णतेचा साधारण पाचवा हिस्सा डबी घेते.

बाकीची उष्णता मात्र आवरणातून बाहेरच्या हवेतच जायला हवी. तापलेली जागा एकाच ठिकाणी राहू नये म्हणून ग्राफाइटचा पातळ पत्रा लावून ती पसरवतात. पण उपकरण खिशात गेलं, की उष्णतेची वाट बंद होते आणि हवेतून मिळणारा ऑक्सिजनही तुटतो.