डबा गार आहे, पण हवा ताजी आहे का?

‘एसी मस्त चालू आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा रेल्वेचा डबा गार आहे एवढंच खरं असतं. बाहेरची ताजी हवा आत येते की नाही, ते गारव्यावरून कळत नाही. माझ्या मते प्रवाशाच्या तब्येतीसाठी हा दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे, आणि तोच आपण विचारत नाही.

गारव्यासाठी छतावरचं युनिट बहुतेक डब्यातलीच हवा जाळीतून ओढतं, थंड कॉइलवरून नेतं आणि परत आत सोडतं. हवेतल्या बाष्पाचं कॉइलवर पाणी होऊन ते निथळून जातं, म्हणून कोकणातल्या दमट दिवसातही आत अंग चिकचिकत नाही. पण श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड थंड केल्याने कमी होत नाही. विषाणूंचंही तसंच. या दोन्हींचं प्रमाण उतरायला मुख्यतः बाहेरची हवा मिसळावी लागते. उन्हाळ्यात ही तापलेली हवा थंड करायला वीज जास्त लागते, म्हणून ती बेताने घेतली जाते. त्यात फिल्टर धुळीने माखला की आणखी कमी.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, रेल्वेने ब्लँकेट बंद केली म्हणून तापमान २३ वरून २५ अंशांवर नेलं. ताज्या हवेचं प्रमाण वाढवलं, ते संसर्ग टाळण्यासाठी. दोन निर्णय, दोन कारणं.

मुंबईत हा फरक आणखी ठळक दिसतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले, त्या अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे लावायचं ठरलं. दरवाजे बंद झाले की खच्चून भरलेल्या डब्यात जीव गुदमरणार. त्यावर सुचवलेले उपाय हवा खेळती ठेवण्याचे होते: दरवाज्यांना झडपा, छतावर हवा आत घेणारी युनिट आणि डब्यातून डब्यात जायला वाट. एसीविना हवा ताजी ठेवता येते, ती अशी.

म्हणून तक्रार नेमकी करावी. साइड अपर बर्थवर थंड झोत थेट डोक्यावर येत असेल, तर अटेंडंटला तापमान वाढवायला सांगा. डबा गार असूनही कोंदट वाटत असेल, डोकं जड झालं असेल, तर तापमानाशी खेळून उपयोग नाही. एसी मेकॅनिकला बोलवा, नाहीतर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर ‘ताजी हवा येत नाही, फिल्टर तपासा’ असं स्पष्ट सांगा.