खात्याचं नाव आणि यूआयडी: लिनक्स पुन्हा टाकताना नेमकं काय जपायचं?

लिनक्स नव्याने टाकलं, होम पार्टिशन (डिस्कचा आपल्या वैयक्तिक फाइलींचा भाग) फॉरमॅट न करता जसंच्या तसं जोडलं, खात्याचं नावही जुनंच दिलं. तरी आपल्याच फाइलवर ‘परवानगी नाही’ येतं, कारण डिस्कवर नाव लिहिलेलंच नसतं. प्रत्येक फाइलच्या आयनोडमध्ये (डिस्कवरच्या तिच्या माहितीच्या नोंदीत) मालकाचा फक्त आकडा असतो, तो यूआयडी. गटाचा आकडा जीआयडी. कोणतं नाव म्हणजे कोणता आकडा, हे ईटीसी फोल्डरातल्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये असतं. रूट पार्टिशन (जिथे लिनक्स स्वतः असतं) फॉरमॅट झालं की ही जोडी पुसली जाते, होमवरचे आकडे मात्र तसेच राहतात.

एकच खातं असेल तर बहुतेक वेळा निभावतं, कारण उबुंटू, डेबियन, फेडोरा तिघंही पहिल्या खात्याला १००० देतात. खरी गडबड दोन खात्यांत होते. आधी नीता १००० आणि समीर १००१ होते. या वेळी समीरचं खातं आधी उघडलं, तर नीताच्या फाइलचा मालक समीर दिसणार. फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -एल’ कमांडमधल्या नावावर विसंबू नका, ‘एलएस -एलएन’ आकडे दाखवतं.

इथे लोक सगळ्या होमवर ‘चोन -आर’ (फाइलींचा मालक बदलणारी कमांड) चालवतात. त्यापेक्षा खात्याचा आकडा डिस्कवरच्या आकड्याशी जुळवावा, कारण जुने बॅकअप आणि एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून वाटलेल्या फोल्डरांतल्या) फाइलही त्याच आकड्याच्या असतात. खातं उघडतानाच आधी ‘ग्रुपअ‍ॅड -जी १००१’, मग ‘यूजरअ‍ॅड -यू १००१ -जी १००१’ द्यावं. (ग्रुपअ‍ॅड आणि यूजरअ‍ॅड, दोन्हींत जी लहान लिपीतला.) खातं आधीच उघडलं असेल तर ‘यूजरमॉड -यू’ आणि ‘ग्रुपमॉड -जी’ने आकडा बदलावा. त्या खात्याची एकही प्रोसेस चालू असली तर यूजरमॉड नकार देतं, म्हणून रिकव्हरी मोडमधून करा. आकड्यांची अदलाबदल करायची असेल तर मध्ये ३००० सारखा मोकळा आकडा वापरा.

जुनी पासडब्ल्यूडी फाइल मात्र नव्यावर चढवू नका. १००० च्या खालची अनेक खाती पॅकेजं बसतील त्या क्रमाने आकडे घेतात. ती बिघडली की डेटाबेससारख्या सर्व्हिस उठत नाहीत.

बॅकअपमध्ये गंमत उलटी: रूट (प्रशासक खातं) म्हणून चालवलेली टार आणि आरसिंक ही बॅकअपची साधनं आकड्याआधी नाव जुळवतात. लाइव्ह यूएसबीवरच्या (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) लिनक्समध्ये नाव-आकड्यांची जोडी वेगळी असू शकते, म्हणून तिथून फाइल परत आणताना टारला ‘--न्यूमेरिक-ओनर’ आणि आरसिंकला ‘--न्यूमेरिक-आयडीज’ द्यावंच.