पित्त अडलं की आतड्यातले जिवाणू का सुटतात? : पार्श्वभूमी

मराठवाड्यात काविळीला आधी माळ आणि मग दवाखाना, हा क्रम अजून मोडलेला नाही. गळ्यातली माळ लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली असं धरतात. दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय माळेला जातं. यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या पित्तनलिकेत खडा, जंत किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असेल तर मात्र थांबण्यात जीव जातो. अशा रुग्णाची शी शाडूसारखी पांढुरकी होते, लघवी काळ्या चहासारखी होते, अंगाला खाज सुटते. त्यात हुडहुडी भरून ताप आला तर सकाळची वाट पाहू नये.

थंडीताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं ही नलिकेतल्या जंतुसंसर्गाची त्रयी फ्रान्सच्या शार्को यांनी १८७७ मध्ये नोंदवली. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी तिला रक्तदाब कोसळणं आणि बरळणं जोडलं. जिवाणू आतड्यातून नलिकेत वर चढतात, ही समजूत जुनी आणि खरीही आहे. नलिकेतला दाब एरवी ७ ते १४ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो २५ च्या वर गेला की जंतुमिश्रित पित्त थेट रक्तात ढकललं जातं.

दुसरी वाट उशिरा सापडली. जिवंत जिवाणू आतड्याची भिंत ओलांडून जवळच्या लसिकागाठींत (लिम्फ नोडमध्ये) पोचतात, याला बर्ग आणि गार्लिंग्टन यांनी १९७९ मध्ये उंदरांवरच्या कामातून ‘स्थलांतर’ हे नाव दिलं. नुसती पित्तनलिका बांधली तरी हे स्थलांतर वाढतं, हे डाइच यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवलं. म्हणजे घात फक्त रक्तात चढलेल्या पित्ताचा नाही, आतड्यात न पोचलेल्या पित्ताचाही आहे.

न पोचल्याने बिघडतं काय? पित्तक्षार साबणासारखे असतात. जिवाणूंची वाढ रोखतात आणि त्यांच्या कवचातलं विष, एन्डोटॉक्सिन, निकामी करतात. १९७६ च्या सुमारास बेली यांनी या विषाचा आणि काविळीत मूत्रपिंड बसण्याचा संबंध मांडला. तोंडाने पित्तक्षार देण्याचे प्रयोग त्यातूनच निघाले. पण पित्ताम्ल (ज्याचे हे पित्तक्षार बनतात) हे स्वतःच निरोप्याचं काम करतं, हे १९९९ नंतर कळलं. पेशीतला एफएक्सआर हा ग्राहक (रिसेप्टर, निरोप झेलणारं प्रथिन) त्याच्यामुळे जागा होतो आणि आतड्याच्या अस्तराची जंतुविरोधी यंत्रणा चालू ठेवतो. २००६ मध्ये नलिका बांधलेल्या उंदरांत हाच ग्राहक औषधाने जागा केला, तर जिवाणूंची वाढ आणि गळती आटोक्यात आली.

इथे कथेत हार्मोन येतात. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याचा मज्जातंतू तोडलेला तुकडा घेऊन त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंड पाझरलं. निरोप रक्तातून गेला होता. तो निरोप म्हणजे सिक्रेटिन. ‘हार्मोन’ हा शब्द १९०५ चा. पुढे असेच निरोप नेणारे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, मिळाले: बॉम्बेसिन बेडकाच्या कातडीत सापडलं, न्यूरोटेन्सिन १९७३ मध्ये गाईच्या मेंदूत. दोन्ही आतड्याच्या अस्तराला खतपाणी घालतात. ग्रीसमधल्या पात्रास इथल्या संशोधकांनी नलिका बांधलेल्या उंदरांना २००० मध्ये ग्रोथ हार्मोन आणि त्याच्या इशाऱ्यावर शरीरात बनणारा वाढीचा घटक आयजीएफ-१, तर २००५ मध्ये ही दोन पेप्टाइड दिली. रक्तातलं एन्डोटॉक्सिन घटलं, अस्तराच्या पेशींचं मरणही कमी झालं.

मग वॉर्डात ही इंजेक्शनं का नाहीत? एक तर हे सारे वाढीचे निरोप, आणि नलिका अडलेल्या कितीतरी रुग्णांत मूळ दुखणं कर्करोग असतं. दुसरं, १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ग्रोथ हार्मोन देऊन पाहिलं, तेव्हा मृत्यू ३९ टक्के झाले. न दिलेल्यांत २०. त्याच वेळच्या दुसऱ्या चाचणीत ४४ विरुद्ध १८. उंदरावरून माणसावर उडी मारण्याची ही किंमत.

औरंगाबादला घाटी दवाखान्याचं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झालं तेव्हा अडकलेला खडा काढायला सुरीच होती. दुर्बिणीतून नलिकेत रंग सोडणं १९६८ चं, नलिकेचं तोंड कापून खडा काढणं १९७४ चं. आज प्रश्न असतो पित्त कुठे वळवायचं हा. यकृतात सुई घालून बाहेर काढलेल्या नळीची पिशवी हिरवी भरली की नातेवाईक सुखावतात, पण आतडं कोरडंच राहतं, शिवाय दिवसाला अर्धा लिटर किंवा जास्त पित्ताबरोबर मीठ आणि बायकार्बोनेट वाहून जातं. पिशवीचं माप रोज लिहावं आणि तेवढी भरपाई सलाईनमधून करावी. आतला स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) पित्त आतड्यातच सोडतो, म्हणून जमेल तिथे तोच बरा. पण कर्करोगात सरसकट नाही: २०१० च्या डच चाचणीत स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगात आधी स्टेंट घातलेल्या ७४ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्क्यांना. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं रंगद्रव्य) रक्तात फार चढलेलं नसेल आणि ताप नसेल तर थेट शस्त्रक्रियाच सरस. ताप असेल तर पित्ताचा निचरा आधी, आणि प्रतिजैविक त्याच्याही आधी, रक्ताचं कल्चर घेऊन लगेच.