रेंजवरचे सातत्य आणि फेरीतले सातत्य

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू सुरेख लागतो, पण कोर्सवर पाय ठेवला की सगळे विसकटते, ‘माझ्या खेळात सातत्यच नाही’, ही तक्रार गोल्फ खेळणाऱ्यांकडून मी असंख्य वेळा ऐकली आहे. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: रेंजवर जा आणि आणखी दोन बकेट चेंडू मार. तक्रार आणि उपाय या दोहोंच्या मुळाशी एकच गोंधळ आहे, आणि तो जुन्या खेळाडूकडून नव्या खेळाडूकडे जसाच्या तसा पोहोचतो, म्हणून तो एकदा नीट उलगडून मांडण्याची गरज मला वाटते. ‘सातत्य’ हा शब्द आपण दोन निराळ्या कौशल्यांसाठी वापरतो. एक रेंजवर दिसते, दुसरे अठरा होलांच्या फेरीत लागते, आणि पहिले कितीही कमावले तरी त्यातून दुसरे आपोआप उगवत नाही.

रेंजवरचे सातत्य वाचकाच्या चांगले परिचयाचे आहे, त्यामुळे त्यावर फार शब्द खर्च करत नाही. सात नंबरची आयर्न, म्हणजे मधल्या अंतराची काठी (क्लब), हातात असते, पन्नास चेंडूंची बकेट शेजारी असते. पहिले दहा-बारा चेंडू इकडेतिकडे जातात, मग लय सापडते आणि पुढचे वीस-पंचवीस एकाच दिशेने, एकाच उंचीने जाऊ लागतात. स्विंग शिकण्यासाठी किंवा बदललेली ग्रिप अंगवळणी पाडण्यासाठी हे आवश्यकच आहे.

रेंज आणि कोर्स यांच्यातले जे फरक लोक हिरिरीने सांगतात, ते बहुतेक दुय्यम आहेत. मॅटवर क्लब चेंडूच्या थोडा मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि चूक झाकली जाते, गवतावर ती झाकली जात नाही. रेंजचे चेंडू झिजलेले असतात. रेंजवर उभे राहण्याची जागा सपाट असते, कोर्सवर चेंडू कधी पावलांच्या वर असतो, कधी खाली. हे सारे खरे आहे, पण काही फेऱ्यांत कोणीही याला सरावतो. चौथ्या होलपर्यंत नीट खेळणारा माणूस पाचव्यापासून का ढासळतो, याचे उत्तर यांपैकी कशातच नाही.

ते उत्तर मागच्या चेंडूत आहे. रेंजवर मागचा चेंडू पुढच्या चेंडूला शिकवतो. चेंडू उजवीकडे गेला, तर दहा-पंधरा सेकंदांत त्याच क्लबने, त्याच जागेवरून, त्याच लक्ष्याकडे दुसरा मारता येतो, हातांत किंचित बदल करून पाहता येतो; तो सरळ गेला, तर ती जाणीव अंगात ताजी असतानाच तिसरा मारता येतो. रेंजवर जे सातत्य दिसते, ते दुरुस्तीच्या या न तुटणाऱ्या साखळीचे फळ असते. एकविसावा चेंडू सुरेख जातो, त्याचे श्रेय आधीच्या वीस चेंडूंना असते.

कोर्सवर ही साखळी नसतेच. पार म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या. पार ७२च्या नेहमीच्या कोर्सवर चार होल पार तीनचे असतात, म्हणजे टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) ड्रायव्हर हा सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब मारण्याची संधी जास्तीत जास्त चौदा वेळा मिळते आणि ती साधारण चार तासांवर पसरलेली असते. दोन ड्राइव्हच्या मध्ये सरासरी सतरा मिनिटे जातात. रेंजवर हेच चौदा चेंडू पाच मिनिटांत संपतात. सात नंबर तर संपूर्ण फेरीत चार-पाच वेळा बॅगेतून निघाली तरी पुष्कळ झाले, आणि तेव्हाही अंतर, वारा, उतार आणि गवत यांपैकी काही ना काही बदललेले असते. मे महिन्यात टणक फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवतावर, पडलेला चेंडू आणि जुलैत भिजलेल्या रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, रुतलेला चेंडू यांना एकच स्विंग पुरत नाही. नियमांचीही धारणा हीच आहे: होल खेळत असताना सरावाचा फटका मारण्यास नियम ५.५ मनाई करतो, चेंडू मारण्याचा उद्देश नसलेला नुसता सराव-स्विंग तेवढा चालतो. फसलेला फटका दंडाशिवाय पुन्हा मारून पाहण्याची सोय या खेळात ठेवलेलीच नाही.

म्हणून कोर्सवर मागच्या फटक्याकडून धडा घेण्याची सवय, जी रेंजवर गुण असते, तीच दोष ठरते. टीवरून ड्राइव्ह उजवीकडे गेला, की खेळाडू चालता चालता त्याचे कारण शोधू लागतो. मनगट लवकर वळले, खांदा उघडला, वजन मागे राहिले. चार मिनिटांनी तो चेंडूपाशी पोहोचतो तेव्हा हातात दुसरा क्लब असतो, पायाखाली उतार असतो, आणि डोक्यात मात्र मघाशी मारलेल्या ड्राइव्हची दुरुस्ती असते. ती दुरुस्ती या फटक्याला लागू पडत नाही, चेंडू डावीकडे जातो, आणि मग दुरुस्तीची दुरुस्ती सुरू होते. पाचव्या होलपासूनची घसरण बहुतेक वेळा अशीच घडते, आणि घरी येताना निष्कर्ष काढला जातो की स्विंग बिघडला आहे.

फटका सारखा राहू शकत नसेल, तर फेरीत सारखे काय राहू शकते? फटक्याआधीची तयारी आणि फटक्यानंतरची वागणूक. १९८७च्या ओपन स्पर्धेची अखेरची फेरी म्युरफील्डला झाली. त्या कोर्सचे पहिले नऊ होल बाहेरच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पुढचे नऊ त्यांच्या आतून उलट दिशेने, त्यामुळे वारा सारखा नव्या बाजूने येतो. तिथे निक फाल्डो यांनी अठरा होलांवर अठरा पार नोंदवले आणि एका फटक्याने विजेतेपद मिळवले. स्कोअरकार्डवर याहून एकसारखी फेरी असू शकत नाही, आणि तरीही त्या कोर्सवर एकच फटका अठरा वेळा मारून ती खेळणे अशक्य होते. प्रत्येक वेळी नवा प्रश्न होता आणि तो सोडवायला बसण्याची पद्धत जुनी होती.

फटक्यानंतरच्या वागणुकीचे मोल दोन ट्रिपल बोगींच्या, म्हणजे पारपेक्षा तीन फटके जास्त लागलेल्या दोन होलांच्या, तुलनेतून कळते. २००० साली पेबल बीचला यूएस ओपनच्या तिसऱ्या फेरीत टायगर वूड्स यांना तिसऱ्या होलवर, पार चारवर, सात फटके लागले. ती फेरी त्यांनी ७१वर, म्हणजे बरोबर पारवर संपवली आणि स्पर्धा पंधरा फटक्यांनी जिंकली. २०११च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांची आघाडी घेऊन अखेरच्या दिवशी उतरलेल्या रोरी मॅकिलरॉय यांनाही दहाव्या होलवर, पार चारवर, सातच फटके लागले. पण पुढच्या दोन होलांवर पारपेक्षा आणखी तीन फटके जास्त गेले आणि फेरी ८०वर संपली. त्यांच्या स्विंगमध्ये सातत्य नव्हते असे म्हणावे, तर दोनच महिन्यांनी त्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. दोघांचाही एक होल सारखाच वाईट गेला होता. फरक त्या होलनंतरच्या होलांनी केला. ज्याच्या फेरीत वाईट होल येतच नाही असा खेळाडू नसतो, आणि सातत्याची व्याख्या तशी करणाऱ्याने स्वतःला निराशेखेरीज काही देऊ केलेले नसते.

एकाग्रतेविषयीचा गैरसमज याच गोंधळातून जन्मतो. रेंजवर अर्धा तास लक्ष सलग लागलेले असते, म्हणून फेरीतही चार तास ते सलग लागले पाहिजे असे गृहीत धरले जाते आणि ‘शेवटपर्यंत लक्ष ढळू देऊ नकोस’ असा सल्ला दिला जातो. हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. नव्वद फटके खेळणाऱ्याने प्रत्येक फटक्याला अर्धे मिनिट दिले, तर संपूर्ण फेरीत पंचेचाळीस मिनिटांचे लक्ष पुरते. नियमांतही वेळ आल्यावर फटका चाळीस सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. उरलेले तीन तास चालण्याचे, पाणी पिण्याचे, सोबत्याशी बोलण्याचे असतात आणि ते तसेच घालवले पाहिजेत. जो खेळाडू त्या तीन तासांतही ताणलेला राहतो, त्याच्याकडे पंधराव्या होलवर द्यायला लक्षच शिल्लक नसते. फेरीत लागते ती नव्वद वेळा लक्ष आवळण्याची आणि नव्वद वेळा ते सैल सोडण्याची सवय. त्यातले सैल सोडणे शिकवायला कोणी बसत नाही, याची मला खंत वाटते.

यासाठी एक उंबरठा ठरवावा लागतो. माझ्या मते बॅगेतून क्लब काढणे हा सर्वांत चांगला उंबरठा आहे, कारण तो प्रत्येक फटक्याला ओलांडावाच लागतो. क्लब बाहेर आला की चेंडूच्या मागे उभे राहून अंतर, वारा, लाय (चेंडू कसा बसला आहे ते) आणि लक्ष्य यांचा निर्णय पूर्ण करायचा. चेंडूपाशी उभे राहिल्यावर निर्णय घ्यायचा नाही, आणि तिथे शंका आलीच तर मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. चेंडू थांबला, क्लब बॅगेत परत गेला, की तो फटका संपला. मी कार्टपेक्षा चालत खेळणे पसंत करतो तेही याचसाठी, कारण चेंडूपर्यंतच्या पावलांत मन मोकळे व्हायला वेळ मिळतो.

दोन सवयी मात्र मला मुळीच सहन होत नाहीत. फेरीच्या मध्यावर सोबत्याने ‘डोके खाली ठेव’ असे सांगणे, कारण ते ऐकणाऱ्याला पुन्हा रेंजवरच्या दुरुस्तीत ढकलते. आणि चौदाव्या होलवर स्कोअरची बेरीज करणे, कारण त्या क्षणापासून खेळाडू समोरचा फटका सोडून शेवटचा आकडा खेळू लागतो.

रेंजचा उपयोग फेरीतल्या सातत्यासाठीही करता येतो, पण त्यासाठी तिची साखळी मुद्दाम तोडावी लागते. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाताच्या हालचाली एकेक करून ओळीने घोकणारा गट सरावाच्या वेळी सरस ठरला, तर त्याच हालचाली सरमिसळ करून करणारा गट दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पुढे गेला. तो प्रयोग गोल्फचा नव्हता, पण कोर्सच्या स्वभावाशी तो तंतोतंत जुळतो. बकेटमधले शेवटचे वीस चेंडू तरी ओळखीच्या कोर्सचे होल डोळ्यांसमोर आणून मारावेत: ड्रायव्हर, मग आयर्न, मग वेज, दर वेळी क्लब बॅगेत ठेवून पुन्हा काढत, आणि फसलेला चेंडू पुन्हा न मारता. हे वीस चेंडू आधीच्या तिसांपेक्षा वाईट दिसतील, आणि तेच फेरीतल्या खेळाचे खरे चित्र असेल.

आपले सातत्य मोजायला लोक हँडिकॅपकडे, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याकडे, बोट दाखवतात, तीही चूकच आहे. २०२०पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठांचीच सरासरी धरली जाते, म्हणजे तो आकडा क्षमता सांगतो. सातत्य फेऱ्यांमधल्या अंतरात दिसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या अदिती अशोक यांच्या चार फेऱ्या ६७, ६६, ६८ आणि ६८ अशा होत्या. त्या स्पर्धेतल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक असूनही चार दिवस त्या दोन फटक्यांच्या पट्ट्यात राहिल्या आणि कांस्यपदकापासून एका फटक्याने दूर चौथ्या आल्या. स्वतःचा पट्टा किती रुंद आहे हे पाहायचे असेल, तर हँडिकॅपच्या हिशेबात न धरलेल्या त्या बारा फेऱ्यांची स्कोअरकार्डे काढावीत आणि प्रत्येक डबल बोगीच्या पुढच्या होलवर काय लिहिले आहे, ते वाचावे.