यूगोस्लाव्हिया : लोकसंख्या व जनगणना

पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये ‘सर्ब, क्रोट आणि स्लोव्हेन यांचे राज्य’ या नावाने स्थापन झालेल्या व १९२९ पासून यूगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या या राज्यात १९२१, १९३१, १९४८, १९५३, १९६१, १९७१, १९८१ आणि १९९१ अशा आठ जनगणना झाल्या. या काळात लोकसंख्या सु. १.२ कोटींवरून सु. २.३५ कोटींवर गेली.

राजेशाहीच्या काळातील दोन्ही (१९२१ व १९३१) जनगणनांमध्ये धर्म व मातृभाषा विचारण्यात आली. सर्बियन व क्रोएशियन या भाषा एकत्र नोंदल्या गेल्या आणि मॅसिडोनियन भाषेला स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे या काळातील सर्ब व क्रोट यांची स्वतंत्र संख्या धर्मावरून अनुमानानेच काढावी लागते.

दुसऱ्या महायुद्धातील जीवितहानी हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. सरकारने नुकसानभरपाईच्या दाव्यात मृतांची संख्या सु. १७ लाख मांडली. हा अंदाज आपण विद्यार्थी असताना १९४७ मध्ये काढला, असे व्लादेता वुच्कोविच यांनी पुढे सांगितले; तथापि तो त्याआधीच मांडला गेला होता असे दिसत असल्याने कालनिश्चिती सावधपणे करावी लागते. वुच्कोविच यांच्या म्हणण्यानुसार, त्यांच्या आकड्यात न झालेले जन्म व देशांतर यांमुळे आलेली घटही धरलेली होती. दाव्यात मात्र ती सगळी मृतांची संख्या ठरली. देशांतराचा भाग किरकोळ नव्हता : १९३१ मध्ये जर्मन मातृभाषेचे सु. ५ लाख लोक होते, तर १९४८ मध्ये जर्मनांची संख्या सु. ५५ हजार उरली. शिवाय १९४८ च्या आकड्यांत इटलीकडून आलेल्या इस्ट्रिया इ. प्रदेशांची भर आहे, त्यामुळे १९३१ शी त्यांची थेट तुलना करता येत नाही. बोगोल्युब कोचोविच (१९८५) व व्लादिमिर झेर्याविच (१९८९) यांनी स्वतंत्रपणे मृतांचा अंदाज अनुक्रमे सु. १०.१४ व १०.२७ लाख असा दिला. एक सर्ब आणि दुसरा क्रोट अशा दोन अभ्यासकांची आकडेमोड इतकी जवळ यावी, हे त्यांच्या बाजूने मोठे प्रमाण मानावे लागते. १९६४ च्या नावनिहाय मोजणीत ५,९७,३२३ मृतांची नोंद झाली. ती अपुरी होती आणि शत्रूचे सहकारी म्हणून मारले गेलेले लोक तिच्यातून वगळलेले होते.

युद्धोत्तर जनगणनांमध्ये राष्ट्रीयत्व विचारले जाऊ लागले. बॉस्नियातील मुस्लिमांना १९४८ मध्ये सर्ब, क्रोट किंवा ‘अनिर्णीत’ असे पर्याय होते. तेथे सु. ७२ हजारांनी पहिला व सु. २५ हजारांनी दुसरा निवडला, तर सु. ७ लाख ८८ हजार अनिर्णीत राहिले. १९५३ मध्ये त्यांना ‘अनिर्णीत यूगोस्लाव्ह’ या वर्गात घालण्यात आले. १९६१ मध्ये ‘वांशिक अर्थाने मुस्लिम’ हा वर्ग आला व १९७१ मध्ये राष्ट्र म्हणून मान्यता मिळाली.

स्वतःला ‘यूगोस्लाव्ह’ म्हणवणारे १९७१ मध्ये सु. २.७ लाख होते, १९८१ मध्ये ते १२ लाखांवर (५.४%) गेले. त्या वर्षी सर्ब ३६.३% व क्रोट १९.७% होते.

३१ मार्च १९९१ च्या शेवटच्या जनगणनेवर कोसोव्होतील अल्बेनियनांनी बहिष्कार टाकला, त्यामुळे त्यांची संख्या सांख्यिकी कार्यालयाला अंदाजाने भरावी लागली. तीन महिन्यांच्या आत स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. बॉस्निया-हर्झेगोव्हिनात मात्र १९९२–९५ च्या युद्धानंतरच्या १९९६ च्या निवडणुकीत मतदारांची पात्रता, ते युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानुसार, याच जनगणनेतील नोंदींवरून ठरवली गेली. तेथील पुढची जनगणना २०१३ मध्ये झाली.